रस्ते अपघातांतील मृत्यू: देशादेशांची तुलना करताना छेदात काय घ्यावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. ‘दर’ ही संकल्पना शिकवताना जन्मदर आणि मृत्युदर यांच्या जोडीला मुलांच्या पाहण्यातले एखादे उदाहरण असावे, म्हणून यंदा रस्ते अपघातांचे आकडे घ्यायचे ठरवले आहे. आमच्या भागातून राष्ट्रीय महामार्ग जातो आणि ज्यात एकाही मुलाच्या घरातले माणूस अपघातात गेलेले नाही, असा वर्ग मला सहसा मिळत नाही. त्यामुळे या मुलांसमोर अर्धवट विचार केलेला आकडा ठेवू नये, असे मनापासून वाटते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्याच वर्षी अमेरिकेत ४२,५१४ मृत्यू नोंदले गेले. लोकसंख्या छेदात घेतली, तर भारताचा दर लाखामागे सुमारे १२ आणि अमेरिकेचा पावणेतेराच्या आसपास येतो. हा आकडा पाहून माझ्या एका सहकाऱ्याने ‘म्हणजे आपले रस्ते अमेरिकेइतकेच सुरक्षित आहेत’ असा निष्कर्ष काढला. दोन्हीकडचे रस्ते पाहिलेल्या माणसाला तो पटणार नाही. पण गणितात चूक कुठे आहे, हे मला नेमके सांगता येईना. उलट नोंदणीकृत वाहने छेदात घेतली, तर आपला दर अमेरिकेच्या तिप्पट किंवा त्याहूनही वर जातो.

दुसरी अडचण अंशाची आहे. २०२१ साठी भारताने १,५३,९७२ मृत्यू कळवले, पण जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज २,१६,६१८ आहे. यातले कोणते धरावे?

तिसरी अडचण घरातलीच आहे. २०२२ मध्ये केरळात ४३,९१० अपघात आणि ४,३१७ मृत्यू, तर महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. केरळात शंभर अपघातांमागे दहा माणसेही जात नाहीत, आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर जातात. केरळातली रुग्णालये चांगली आहेत हे मान्य केले, तरी एवढा फरक पडेल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अपूर्णांक

सर, तुमच्या गणितात चूक नाही. प्रत्येक छेद वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि तुमच्या सहकाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडले आहे.

लोकसंख्येमागचा दर सांगतो की एखाद्या समाजावर या कारणाने होणाऱ्या मृत्यूंचे ओझे किती आहे. क्षयरोग किंवा सर्पदंश यांच्या शेजारी रस्ते अपघात ठेवायचे असतील, तर हाच दर योग्य. पण रस्ता किती धोकादायक आहे, हे त्यातून कळत नाही, कारण माणसे रस्त्यावर किती वावरतात याचा त्यात हिशोबच नसतो. अमेरिकेतील वाहने वर्षाला सुमारे ५ लाख कोटी किलोमीटर चालतात. या अंतराने भागले, तर २०२२ मध्ये दर अब्ज किलोमीटरमागे तिथे आठच्या थोडे वर मृत्यू होतात. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी १,७११ मृत्यू झाले आणि तिथला अंतरामागचा दर सुमारे सव्वातीन येतो. आपली लोकसंख्या अमेरिकेच्या चौपटीहून अधिक असली, तरी आपला सामान्य माणूस वाहनाने तितके अंतर कापत नाही. थोडे हिंडूनही आपला लोकसंख्येमागचा दर अमेरिकेच्या जवळ जातो, आणि काळजी वाटावी ती याचीच.

वाहनांमागचा दर मात्र मी वर्गात वापरणार नाही. २०२० मध्ये आपल्याकडील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३२ कोटींच्या पुढे गेली होती. पण त्यात भंगारात गेलेल्या किंवा वर्षानुवर्षे गोठ्यात धूळ खात पडलेल्या गाड्याही मोजलेल्या आहेत, कारण नोंद रद्द करायला सहसा कोणी परिवहन कार्यालयात जात नाही. म्हणजे छेद फुगलेला आहे आणि खरा दर दिसतो त्याहून वाईट आहे. शिवाय आर. जे. स्मीड या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच दाखवले होते की देशात माणशी वाहने वाढत जातात, तसतसे प्रत्येक वाहनामागचे मृत्यू कमी होत जातात. मग हा दर घसरला म्हणून एखाद्या सरकारने पाठ थोपटून घ्यावी, असे त्यात फारसे काही उरत नाही.

अंतरामागचा दर सगळ्यांत शास्त्रशुद्ध वाटतो, पण त्यातही एक अन्याय दडलेला आहे, आणि तो मुलांना जरूर सांगा. पायी चालणारा माणूस गाडीखाली सापडला, तर त्याचा मृत्यू अंशात येतो. पण त्याने पायी कापलेले अंतर छेदात कुठेच येत नाही. २०२२ मध्ये आपल्याकडे मेलेल्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. जिथे एवढी माणसे पायी चालताना मरतात, तिथे हा दर वाहनांचा उपद्रव मोजतो. चालणाऱ्याच्या जिवाला धोका किती, हे तो सांगत नाही.

केरळाबद्दल: अपघातांची संख्या छेदातून काढून टाका आणि लोकसंख्या घाला. केरळची लोकसंख्या सुमारे साडेतीन कोटी आणि महाराष्ट्राची साडेबारा कोटी धरली, तर दोन्ही राज्यांचा दर लाखामागे बाराच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एकच येतो. केरळात किरकोळ धडकही पोलीस दप्तरी लागते, विमा दाव्यासाठी लागते आणि मोजली जाते. आपल्याकडे ती जागेवर भांडून किंवा पैसे देऊन मिटते. बिहारमध्ये तर २०२२ मध्ये १०,८०१ अपघातांत ८,८९८ मृत्यू नोंदले आहेत. तिथे दर पाच अपघातांत चार माणसे मरतात असे कोणी मानू नये. तिथे मुख्यतः माणूस मेला तरच अपघाताची नोंद होते, एवढेच यावरून दिसते. म्हणून देश असो वा राज्य, अपघातांच्या संख्येची तुलना करू नये.

मृत्यूंची तुलना करतानाही व्याख्या पाहावी लागते. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती धरावा, असा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे आणि भारतही तोच मानतो. पण जपानच्या पोलिसांचा नेहमी छापून येणारा आकडा चोवीस तासांतील मृत्यूंचा असतो (तिथे तीस दिवसांचा आकडा वेगळा काढतात आणि तो बराच मोठा असतो), तर चीन सात दिवस धरतो. फ्रान्सने २००५ पासून सहा दिवसांची मर्यादा सोडून तीस दिवसांची घेतली. व्याख्या न पाहता दोन देशांचे आकडे शेजारी मांडले, तर चोवीस तासांचा आकडा देणारा देश तेवढ्यानेच सुरक्षित दिसू लागतो.

सोलापूरकर_वैद्य

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करतो, म्हणून अंशाविषयीच लिहितो.

अपघाताच्या जागीच गेलेला माणूस पोलिसांच्या नोंदीतून सहसा सुटत नाही. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, गुन्हा दाखल होतो. प्रश्न पुढे मरणाऱ्यांचा आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून आणखी मोठ्या शहरात असा प्रवास करत डोक्याला मार लागलेला रुग्ण दोन-तीन आठवडे अतिदक्षता विभागात काढतो आणि मग जातो. तोवर मूळ पोलीस ठाण्यात गुन्हा जखमी करण्याच्या कलमाखाली नोंदलेला असतो. रुग्ण दगावल्याची खबर त्या ठाण्याला जाणे आणि तिथे कलम वाढवले जाणे, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच तो मृत्यू आकड्यात येतो. नातेवाइकांनी रुग्णाला सल्ल्याविरुद्ध घरी नेले आणि तो घरीच दगावला, तर ही साखळी तुटते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून जंतुसंसर्ग किंवा श्वसनक्रिया बंद पडणे एवढेच लिहिलेले असते, तेव्हाही तेच होते. आपल्या देशात नोंदल्या जाणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणासह प्रमाणित होणारे मृत्यू पाचव्या हिश्श्याच्याच आसपास आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे.

जखमींचा आकडा तर मी विश्वासार्ह मानतच नाही. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ मृत्यूंच्या तुलनेत ४,४३,३६६ जखमी नोंदले गेले, म्हणजे एका मृत्यूमागे तीन जखमीही नाहीत. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी १,७११ मृतांसह एकूण १,३५,४८० जण अपघातांत सापडले, म्हणजे एका मृत्यूमागे पाऊणशेहून अधिक जखमी. आपल्या दुचाकीस्वारांना तिथल्या मोटारीतल्या माणसापेक्षा गंभीर मार लागतो, हे खरे. पण त्याने एवढी तफावत पडत नाही. आमच्याकडे एखाद्या सणाच्या रात्री येणारी हाडमोडीची रांग पाहिली, की त्यातली किती माणसे त्या सरकारी तक्त्यात असतील, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. पाय गमावलेला घरातला एकुलता कमावता माणूस कोणत्याच राष्ट्रीय आकड्यात नसणे, ही माझ्या मते सगळ्यांत मोठी उणीव आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाविषयी: ज्या देशांत जन्ममृत्यूची नोंद जवळजवळ पूर्ण आहे, तिथे ती त्या नोंदी वापरते आणि इतरत्र संख्याशास्त्रीय प्रतिमानावरून अंदाज काढते. भारताचा आकडा दुसऱ्या प्रकारचा आहे. तिच्या २०१८ च्या अहवालात २०१६ साठी भारताचा अंदाज २,९९,०९१ होता, आणि सरकारी आकडा १,५०,७८५ होता. पुढच्या अहवालात २०२१ चा अंदाज २,१६,६१८ झाला. पाच वर्षांत मृत्यू खरोखर ऐंशी हजारांनी घटले, असे रस्त्यावर काम करणारा कोणीही म्हणणार नाही. यात प्रतिमानाचाही वाटा आहे. म्हणून मुलांना दोन्ही आकडे सांगावेत: पोलिसांच्या आकड्याखाली सत्य जाणार नाही, आणि वर ते नेमके कुठे आहे, हे मरणाची नोंद सुधारल्याशिवाय कळणार नाही.

ध्रुवतारा

मी गोथेनबर्ग येथे राहतो आणि वाहन उद्योगात आहे. स्वीडनचा दर लाखामागे सुमारे दोन आहे, आणि ‘तिथले लोक शिस्तीचे’ एवढे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. मला ते अपुरे वाटते, कारण हेच लोक १९६६ मध्ये वर्षाला तेराशेहून अधिक संख्येने मरत होते.

१९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने असे धोरण मंजूर केले, की रस्त्यावर कोणी मरणे किंवा कायमचे जायबंदी होणे हे दीर्घकाळात स्वीकारार्ह नाही. या धोरणाचा गाभा असा, की माणूस चुकणारच आहे, म्हणून चुकीची शिक्षा मरण असू नये, आणि ती जबाबदारी रस्ता आखणाऱ्यावरही आहे. त्या वर्षी ५४१ मृत्यू झाले होते. २०२२ मध्ये २२७. दरम्यान वाहतूक घटलेली नाही. तेव्हापासून प्रत्येक प्राणघातक अपघाताचा सखोल तपास रस्ते प्रशासन स्वतंत्रपणे करते. पोलिसांच्या तपासात दोष कोणाचा हे ठरते. या तपासात मात्र तो माणूस वाचला असता तर कशामुळे, हे शोधले जाते.

सर्वांत परिणामकारक उपाय खर्चिक नव्हता. इथे सुमारे तेरा मीटर रुंदीचे, दुभाजक नसलेले अनेक रस्ते होते आणि समोरासमोरच्या धडकांत माणसे मरत. त्याच रुंदीत तीन पट्टे आखले, मधला पट्टा आळीपाळीने एकेका दिशेला ओव्हरटेक करण्यासाठी दिला आणि मध्ये पोलादी दोरांचा कठडा घातला. जमीन संपादन जवळजवळ लागलेच नाही. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी झाले.

तरीही, कृष्णाकाठ सर, स्वीडन आणि भारत हे दोन स्तंभ शेजारी मांडून थांबू नका. इथे मरणारा बहुधा मोटारीत असतो. आपल्याकडे २०२२ मध्ये मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते. दोरांचा कठडा शिरवळच्या दुचाकीस्वाराला किती वाचवील, हे स्वीडनच्या आकड्यावरून सांगता येत नाही. आपल्याशी जुळणारी तुलना थायलंड आणि व्हिएतनाम यांची आहे. थायलंडमध्ये उत्पन्न आपल्यापेक्षा बरेच जास्त, रस्ते रुंद आणि चांगले. तरीही २०२१ चा अंदाज लाखामागे पंचविसाच्या वर आहे, आणि मृतांत बहुसंख्य दुचाकीस्वार आहेत. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे केले आणि थोड्याच काळात वापर नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला. आपल्याकडे २०२२ मध्ये हेल्मेट नसताना मेलेल्यांची सरकारी संख्या ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

मैलाचा_दगड

रस्ते बांधणीत नोकरी करून निवृत्त झालो आहे. ध्रुवतारा यांनी मांडलेल्या मुद्द्याला स्थानिक बाजू जोडतो.

राष्ट्रीय महामार्ग देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के आहेत, पण २०२२ मधील ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. याचे कारण म्हणून अहवालात ‘अतिवेग’ हा रकाना भरलेला दिसतो; सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू त्यात टाकलेले आहेत. हा रकाना पोलीस हवालदार घटनास्थळी भरतो, आणि त्याच्या हातात वेग मोजण्याचे साधन नसते. त्यामुळे दोन देशांच्या ‘कारणां’ची तुलना मी अजिबात करणार नाही.

चौपदरीकरण होते तेव्हा गाव एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला पडते. दुभाजकातली अधिकृत वाट दोन-तीन किलोमीटरवर असते, भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबतो, आणि दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला माणूस उलट्या दिशेने येतो किंवा दुभाजक फोडून वाट करतो. नोंदीत ती ‘चुकीच्या दिशेने वाहन चालवणे’ ठरते. वस्तीची वाट आखण्यात राहिली होती, हे लिहायला त्या तक्त्यात जागाच नाही. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, की ते ठिकाण अपघातप्रवण ठरते. म्हणजे रस्ता दुरुस्त करण्यासाठी आधी माणसे मरावी लागतात. नकाशा हातात असतानाच धोका दाखवता येतो आणि त्यासाठी सुरक्षा लेखापरीक्षणाची पद्धतही आहे. माझ्या काळात त्या अहवालांतील सूचना खर्चाच्या नावाखाली कशा गळायच्या, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचा मला आजही राग येतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये दीडशेच्या आसपास मृत्यू झाले होते. त्यानंतर उभ्या ट्रकांवर कारवाई, कठड्यांची दुरुस्ती आणि रुग्णवाहिकांची आखणी अशी कामे एकत्र हाती घेतली गेली आणि काही वर्षांत हा आकडा निम्म्याच्या आसपास आला. माणसे तीच होती, चालकही तेच. तुमच्या मुलांसाठी हे स्वीडनपेक्षा जवळचे उदाहरण आहे.

मांडवीतीर

छेदाविषयी एक छोटी भर. गोव्यात २०२२ मध्ये पावणेतीनशेच्या घरात मृत्यू झाले आणि इथली लोकसंख्या सुमारे सोळा लाख, म्हणून लाखामागचा दर महाराष्ट्रापेक्षा बराच वर दिसतो. पण रस्त्यावर असलेली माणसे सोळा लाखांपेक्षा पुष्कळ अधिक असतात. भाड्याची स्कूटर घेऊन अनोळखी वळणांवर जाणारे पर्यटक अंशात येतात आणि छेदात येत नाहीत. लहान प्रदेशाचा दर वापरताना हे मुलांना सांगावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अपघातांची संख्या आणि वाहनांमागचा दर मी वगळतो. मात्र अमेरिकेचा प्रश्न अजून मनात आहे. लोकसंख्येमागचे ओझे म्हणून का होईना, आपण आणि तो श्रीमंत देश एका रांगेत कसे?

अपूर्णांक

कारण श्रीमंत देशांच्या रांगेत अमेरिका बरीच मागे पडलेली आहे. हे एका वर्षाच्या आकड्यात दिसत नाही. पन्नास वर्षांची रेघ काढावी लागते.

१९७२ हे वर्ष घ्या. अमेरिकेत त्या वर्षी ५४,५८९ माणसे रस्त्यावर मेली, म्हणजे लाखामागे सुमारे २६. नेदरलँड्समध्ये ३,२६४, म्हणजे लाखामागे सुमारे साडेचोवीस. आज ज्या देशाच्या सायकलींचे कौतुक होते, तो तेव्हा अमेरिकेच्या बरोबरीने माणसे मारत होता आणि त्यात लहान मुले शेकड्याने होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी घोषणा देत पालक रस्त्यावर बसले, त्याच सुमारास तेलसंकट आले, आणि पुढच्या काही दशकांत तिथे वस्त्यांतील वेग उतरवले गेले, सायकलींना वेगळी वाट मिळाली. २०२२ मध्ये त्यांचा दर लाखामागे चारच्या थोडा वर होता. अमेरिकेने सुरक्षित मोटारी आणि सीटबेल्ट आणले, त्याने मोटारीतली माणसे वाचली. पण रुंद रस्ते आणि मोठमोठ्या गाड्या तशाच राहिल्या. तिथले पादचारी मृत्यू २०१० मध्ये सुमारे ४,३०० होते, ते २०२२ मध्ये साडेसात हजारांवर गेले.

आता याच कागदावर भारताची रेघ काढा. १९७० मध्ये आपल्याकडे सुमारे १४,५०० मृत्यू होते. पंचावन्न कोटींच्या देशात लाखामागे तीनही नाहीत. तिथून ती चढत बारापर्यंत आली. नेदरलँड्स आणि अमेरिका यांच्या रेघा वरून खाली येताहेत आणि आपली खालून वर जाते आहे, म्हणून आज आपण आणि अमेरिका एका बिंदूपाशी भेटलो आहोत. तुमच्या सहकाऱ्यांना तो बिंदू न दाखवता या तिन्ही रेघा दाखवा, आणि मुलांना आपल्या रेघेचा चढ दर दशकासाठी वेगळा काढायला सांगा. मंत्रालयाच्या अहवालात १९७० पासूनचा तक्ता दिलेला असतो.